वायपर मोटरचा वेग भार बदलला तरी स्थिर कसा ठेवावा?

गिरगाव_देखावा (प्रश्न)

नमस्कार. आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळासाठी यंदा वारीचा हलता देखावा करीत आहोत. पताका उचलणारा एक वारकरी, टाळ वाजवणारा दुसरा आणि डुलणारी पालखी अशा तीन हालचाली त्यात आहेत. तिन्हींसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून मोटारगाड्यांच्या जुन्या वायपर मोटरी आणल्या. १२ व्होल्ट ३० अँपिअरचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), त्याच १२ व्होल्टवर चालणारा एक आर्डुइनो ऊनो (प्रोग्राम भरता येणारा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), प्रत्येक मोटरच्या ऋण बाजूला एक आयआरएफझेड४४एन मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि मोटरला समांतर उलटा जोडलेला १एन४००७ डायोड अशी मांडणी आहे. तीन पोटेन्शिओमीटर (वेग ठरवायच्या खुंट्या) वाचून त्यांच्या किमतीनुसार ॲनालॉगराइट या फंक्शनने पीडब्ल्यूएम (पुरवठा झपाट्याने चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज कमी-जास्त करणे) द्यायचा, एवढाच प्रोग्राम आहे.

मुख्य अडचण पताकाधारी वारकऱ्याची आहे. पूर्ण १२ व्होल्टवर मोटर मिनिटाला साधारण ४५ फेरे घेते आणि मला सात-आठ फेरेच हवे आहेत. पोटेन्शिओमीटर खाली आणला की हात वर जाताना मोटर मंदावते आणि अर्ध्यावर अडकते. हात पूर्ण वर जाईल इतका पीडब्ल्यूएम वाढवला तर तोच हात खाली येताना धाडकन येतो आणि वारकरी पताका नाचवण्याऐवजी माशा मारतो आहे असे दिसते.

याशिवाय मॉस्फेट इतके तापतात की हीटसिंकवर बोट ठेववत नाही. मोटरी टेबलावर सुट्या असताना आपापल्या वेगाने चालतात, परंतु लोखंडी अँगलच्या फ्रेमवर बोल्टने बसवल्या की एकीचा वेग वाढवल्यावर दुसरीचाही वाढतो. प्रोग्राम पुनःपुन्हा तपासला, त्यात काही सापडले नाही. शिवाय वीज जाऊन आली की आर्डुइनो सारखा रीसेट होत राहतो.

प्रोग्राममध्ये कोणता बदल केला म्हणजे भार कितीही असला तरी वेग तोच राहील, हे कोणी सांगू शकेल का? मागच्या प्रकाशचक्राला जुन्या सिलिंग फॅनची मोटर लावली आहे, तिलाही हेच सर्किट चालेल का, हेही कळले तर बरे होईल.

---

लॅमिंग्टन_फेरी

दादा, प्रोग्रामकडे नंतर वळू. तुम्ही सांगितलेल्या अडचणींपैकी बहुतेक प्रोग्रामच्या बाहेरच्या आहेत.

आधी फ्रेमचे कोडे सोडवू. अनेक गाड्यांमधील वायपर मोटरचा एक ब्रश आतूनच मोटरच्या लोखंडी अंगाला जोडलेला असतो, कारण गाडीत ऋण टोक म्हणजे गाडीची बॉडीच असते. तुम्ही मॉस्फेट ऋण बाजूला लावले आहेत. टेबलावर प्रत्येक मोटरचे अंग दुसरीपासून अलग होते, त्यामुळे सर्व ठीक चालले. फ्रेमवर बोल्ट आवळले आणि तिन्ही मोटरींची ऋण टोके त्या अँगलमधून एकमेकांना जोडली गेली, म्हणजेच तिन्ही मॉस्फेटचे ड्रेन (मोटरकडची टोके) एक झाले. आता कोणताही एक मॉस्फेट चालू झाला की तिन्ही मोटरींच्या प्रवाहाचा परतीचा मार्ग मोकळा होतो, आणि तो सगळा प्रवाह त्या एकट्या मॉस्फेटला वाहावा लागतो. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून मोटरचे अंग आणि प्रत्येक वायर यांच्यात तपासून पाहा, कोणती वायर अंगाला जोडली आहे ते लगेच कळेल. नायलॉनचे बुश आणि वॉशर घालून मोटर फ्रेमपासून अलग करता येते, परंतु दहा दिवसांच्या हादऱ्यांत एखादा बुश फाटला की तुम्ही पुन्हा तिथेच याल. त्यापेक्षा स्विच धन बाजूला नेणे उत्तम. त्यासाठी बीटीएस७९६० ही अर्ध-पूल (मोटरचे टोक धनाला किंवा ऋणाला जोडणाऱ्या दोन स्विचांची जोडी) चिप असलेले तयार मॉड्यूल लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. एका मॉड्यूलवर असे दोन अर्ध-पूल असतात आणि तुम्हाला मोटर एकाच दिशेने फिरवायची असल्यामुळे एका मोटरला एक अर्ध-पूल पुरतो. म्हणजे तीन मोटरींना दोन मॉड्यूल पुरतील आणि एक अर्ध-पूल राखीव राहील. मग फ्रेम, मोटरींची अंगे आणि एसएमपीएसचे ऋण टोक हे सगळे एकच, भांडण मिटले.

मॉस्फेट तापण्याचे दुसरे कारण त्याच्या निवडीत आहे. आयआरएफझेड४४एनचा १७.५ मिलिओहम हा रोध गेटवर (त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकावर) १० व्होल्ट असतानाचा आहे. ऊनोच्या पिनवर ५ व्होल्टच असतात, त्यात हा मॉस्फेट अर्धवट उघडतो आणि उरलेला रोध उष्णतेच्या रूपाने वसूल करतो. ५ व्होल्टवर पूर्ण उघडणारा भाऊबंद म्हणजे आयआरएलझेड४४एन, नावात एफच्या जागी एल. त्याचा रोध गेटवर ५ व्होल्ट असताना २५ मिलिओहम आहे, म्हणजे ४ अँपिअरला ०.४ वॅट उष्णता, त्याला हीटसिंकचीही गरज नाही. अर्ध-पूल वापरलात तर हा प्रश्न उरणार नाही, परंतु इतर कोणी हा धागा वाचून मॉस्फेट घ्यायला जाईल म्हणून लिहून ठेवतो. दुकानात झेड४४ एवढेच म्हटले तर हमखास एफ असलेलाच हातात पडतो.

१एन४००७ हा ५० हर्ट्झच्या रेक्टिफायरसाठी केलेला मंद डायोड आहे. मोटरचा प्रवाह डायोडमधून फिरत असताना मॉस्फेट पुन्हा चालू होतो, त्या क्षणी हा डायोड लगेच बंद होत नाही आणि तेवढा वेळ जवळजवळ शॉर्ट सर्किट होते. १एन५८२२ हा ३ अँपिअर ४० व्होल्टचा शॉट्की (झटपट बंद होणारा) डायोड येथे योग्य आहे. मोटर अडकण्याची शक्यता असेल तर त्याहून मोठा घ्यावा.

राहिला रीसेट. स्थिर उभ्या मोटरला प्रवाह अडवायला फक्त वाइंडिंगचा रोध असतो. तो ०.८ ओहम धरला तर १२ व्होल्टवर १५ अँपिअर, आणि तीन मोटरी एकदम सुटल्या तर पीडब्ल्यूएमच्या प्रत्येक स्पंदात ४५ अँपिअरकडे जाणारा झटका बसतो. ३० अँपिअरचा एसएमपीएस स्वतःला वाचवायला मान टाकतो, ऊनोचा पुरवठा पडतो, तो नव्याने सुरू होतो आणि पुन्हा तोच झटका देतो. ऊनोला मोबाइलच्या चार्जरवरून स्वतंत्र ५ व्होल्ट द्या, दोन्ही पुरवठ्यांची ऋण टोके एकाच जागी जोडा आणि प्रत्येक ड्रायव्हरजवळ किमान १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवा. मॉस्फेट कायम ठेवणार असाल तर प्रत्येक गेटपासून ऋण टोकाला १० किलोओहमचा रोध जरूर लावा. ऊनो रीसेट झाल्यावर बूटलोडर (सुरुवातीला चालणारा अंगभूत छोटा प्रोग्राम) चालू असेपर्यंत पिन तरंगत्या असतात आणि तेवढ्यात मोटर स्वतःहून हलू शकते.

---

परळ_फिटर

वरील उत्तर योग्यच आहे, परंतु मला मूळ दुखणे लोखंडाचे दिसते. एवढ्या वर्षांत मी जे हलते देखावे पाहिले, त्यांत मोटर दमते ती बहुधा मूर्तीच्या हाताचा तोल न सांभाळल्यामुळे.

पताकेसह हाताचे वजन दीड किलो आणि त्याचा गुरुत्वमध्य खांद्याच्या पिनपासून ६० सेंटिमीटरवर आहे असे धरा. खांद्याच्या मागे, मूर्तीच्या झब्ब्याआड, त्याच सरळ रेषेत ३० सेंटिमीटरवर तीन किलोचे लोखंड बांधले तर हात कोणत्याही कोनात सोडला तरी तिथेच राहील. मग मोटरला हात उचलायचा नसतो, फक्त हलवायचा असतो. तीन किलो पुरे न बांधता थोडे कमी बांधावे. पूर्ण तोल साधला तर क्रँक (मोटरने फिरणारी भुजा) आणि कनेक्टिंग रॉडच्या पिनांमधील ढिलाई कधी या अंगाला तर कधी त्या अंगाला जाते आणि प्रत्येक फेऱ्याला खटका बसतो. हात किंचित जड राहिला की ढिलाई एकाच बाजूला दाबलेली राहते.

दुसरे असे की ४५ फेऱ्यांच्या मोटरकडून साडेसात फेरे मागणे म्हणजे तिला सहाव्या हिश्श्यावर चालवणे. त्या वेगाला तिच्या अंगात जोर राहत नाही. मोटर आणि क्रँक यांच्यामध्ये सायकलची चेन घालून १ : ३ करा, पूर्ण वेग १५ होईल आणि साडेसात फेरे मोटरच्या निम्म्या वेगावर मिळतील. क्रँकवरचा टॉर्क, घर्षणातली घट सोडली तर, तिप्पट होईल तो निराळाच.

हे दोन बदल केलेत तर पोटेन्शिओमीटरवरचा साधा पीडब्ल्यूएमही पुरेल आणि सेन्सर, फीडबॅक (वेग मोजून आपोआप दुरुस्ती करणे) वगैरे मंडपात सांभाळत बसावे लागणार नाही. ऐन सप्तमीच्या रात्री, समोर रांग लागलेली असताना, लॅपटॉप उघडून प्रोग्राम दुरुस्त करणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत.

---

मुलुंड_एम्बेडेड

परळ_फिटर काकांच्या प्रतिवजनाला आणि चेनला माझा पूर्ण पाठिंबा आहे, ते आधी करावे. त्यानंतर फीडबॅकची गरज उरत नाही, हे मात्र मला पटत नाही.

पीडब्ल्यूएमने आपण मोटरला सरासरी व्होल्टेज देतो, वेग देत नाही. फिरणारी मोटर स्वतःच जनित्रही असते आणि तिच्या आत वेगाच्या प्रमाणात उलटे व्होल्टेज, म्हणजे बॅक ईएमएफ, निर्माण होते. दिलेल्या व्होल्टेजमधून प्रवाह आणि रोध यांचा गुणाकार वजा केला की उरते ते हे बॅक ईएमएफ. वर धरलेलाच ०.८ ओहमचा रोध घ्या आणि मोकळी मोटर १.५ अँपिअर घेते असे समजा. १२ व्होल्टवर मोकळ्या मोटरला १०.८ व्होल्टचे बॅक ईएमएफ मिळते. भार वाढून प्रवाह ३ अँपिअर झाला तर ते ९.६ होते, म्हणजे वेग जेमतेम ११ टक्के पडतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. तीच मोटर ३० टक्के ड्युटीवर (एकूण वेळेच्या जेवढ्या भागात पुरवठा चालू असतो तो भाग), म्हणजे सरासरी ३.६ व्होल्टवर चालवा. मोकळी असताना २.४ व्होल्ट, ३ अँपिअरला १.२ व्होल्ट, म्हणजे वेग निम्मा, आणि ४.५ अँपिअरला शून्य. आपला वारकरी जिथे अडकतो ती ही जागा. कमी वेगावर तोच भार मोटरला कितीतरी जास्त जाणवतो, याचे कारण एवढेच आहे.

तोल साधल्यावर फेऱ्यातील चढउतार जाईल, परंतु रात्रीपर्यंत वेग घसरत जाईल. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. वाइंडिंग ४० अंशांनी तापले तर रोध जवळजवळ १६ टक्के वाढलेला असतो. सकाळी घट्ट असलेले ग्रीस दुपारी पातळ होते, म्हणजे भारही बदलतो. दहा-बारा तास सलग चालणाऱ्या देखाव्यात कोणी ना कोणी दर दोन तासांनी पोटेन्शिओमीटर फिरवत बसणार. ते काम प्रोग्रामला द्यावे.

वेग मोजण्यासाठी चकती आणि सेन्सर लावता येतो, परंतु मिनिटाला फार तर पंधरा फेरे घेणाऱ्या दांड्यावर पुरेशी स्पंदे मिळण्यासाठी बऱ्याच खाचांची चकती लागेल आणि मंडपातील धूळ व गुलाल तिला सुखाने जगू देणार नाहीत. त्यापेक्षा बॅक ईएमएफच मोजावे, त्याला एकही नवा यांत्रिक भाग लागत नाही. लॅमिंग्टन_फेरी दादांनी सुचवल्याप्रमाणे स्विच धन बाजूला नेल्यावर मोटरचे एक टोक कायम ऋण असते, त्यामुळे दुसऱ्या टोकाचे व्होल्टेज २२ किलोओहम आणि १० किलोओहमच्या विभाजकातून (व्होल्टेज वाटून कमी करणाऱ्या दोन रोधांतून) थेट ॲनालॉग पिनला देता येते. १२ व्होल्टचे तिथे ३.७५ व्होल्ट होतात, म्हणजे पिन सुरक्षित राहते.

प्रोग्रामचा क्रम शब्दांत मांडते. दर २० मिलिसेकंदांनी अर्ध-पुलाची एनेबल पिन (दोन्ही स्विच एकदम बंद करणारी) शून्य करावी. नुसता पीडब्ल्यूएम शून्य करणे येथे चालणार नाही, कारण मग खालचा ट्रान्झिस्टर चालू होऊन मोटरला ब्रेक लागतो आणि मोजायचे व्होल्टेजच नाहीसे होते. एनेबल बंद केल्यावर वाइंडिंगमधील उरलेला प्रवाह विरायला दोन मिलिसेकंद थांबावे, मग लागोपाठ आठ वेळा वाचून सरासरी घ्यावी. ऊनोच्या एडीसीचा (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचा) एका वाचनाचा वेळ सुमारे ०.१ मिलिसेकंद आहे, त्यामुळे सगळे मिळून तीन मिलिसेकंदांत आटोपते. सरासरी घेणे आवश्यक आहे, कारण कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या भागाच्या) पट्ट्यांमुळे हे व्होल्टेज थरथरते. नंतर एनेबल पुन्हा चालू करून हिशोब करावा. वेळेपैकी सुमारे १५ टक्के भाग मोजण्यात जातो, तो सोडून द्यावा लागतो.

हिशोब पीआय पद्धतीचा, म्हणजे प्रमाण आणि संकलन या दोनच पदांचा ठेवावा. समजा तुमच्या वेगाला ४ व्होल्टचे बॅक ईएमएफ हवे आहे. विभाजकानंतर ते १.२५ व्होल्ट होते आणि १० बिटांच्या एडीसीत २५६ हा आकडा मिळतो, ते आपले लक्ष्य. लक्ष्यातून वाचन वजा केले की त्रुटी मिळते. त्रुटीला एका गुणकाने गुणून पहिले पद आणि आजवरच्या त्रुटींची बेरीज दुसऱ्या गुणकाने गुणून दुसरे पद, या दोघांची बेरीज म्हणजे नवी ड्युटी. बेरजेला मात्र लगाम हवा. हात कुठे अडकला आणि ड्युटी कमाल मर्यादेला टेकली, तर त्या काळात बेरीज वाढू देऊ नये. नाही तर हात सुटताच साठलेली बेरीज त्याला भिरकावून देते. डेरिव्हेटिव्ह (त्रुटी किती झपाट्याने बदलते त्याचे) पद येथे नकोच, ते ब्रशांच्या थरथरीलाच प्रतिसाद देत बसते. गुणक ठरवताना आधी बेरजेचे पद शून्य ठेवून पहिला गुणक मोटर हेलकावे खाऊ लागेपर्यंत वाढवावा, मग निम्मा करावा आणि त्यानंतर बेरजेचे पद थोडे थोडे वाढवत न्यावे. सुरुवातीला लक्ष्य एकदम २५६ न देता दोन सेकंदांत शून्यापासून चढवावे आणि तीन मोटरी एकामागून एक सोडाव्यात, म्हणजे एसएमपीएसलाही झटका बसणार नाही.

हात खाली येताना गुरुत्वाकर्षण मोटरला मदत करते, त्या वेळी प्रोग्राम ड्युटी कमी करत नेईल. ती शून्यावर गेली तरी हात सुटत नाही, कारण वायपर मोटरमध्ये वर्म गिअर (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारा गिअर) असतो आणि तो उलट्या बाजूने सहसा फिरत नाही. ही मोटर देखाव्यासाठी इतकी सोयीची ठरते त्यामागे हे मोठे कारण आहे.

पीडब्ल्यूएमच्या वारंवारतेबद्दलही सांगायला हवे. ॲनालॉगराइट पिन ५ आणि ६ वर ९८० हर्ट्झ आणि बाकीच्या पिनांवर ४९० हर्ट्झ देते. दोन्ही कानाला ऐकू येतात आणि ध्वनिक्षेपकाच्या वायर जवळून गेल्या असतील तर आरतीतही ऐकू येतात. १६ मेगाहर्ट्झच्या एटीमेगा३२८पीवर (ऊनोवरच्या चिपवर) टायमर-१ फेज-करेक्ट पद्धतीने, प्रिस्केलर (घड्याळाचा वेग भागणारा) न लावता, आयसीआर१ (टायमरची कमाल किंमत ठरवणारा रजिस्टर) मध्ये ४०० भरून चालवला तर पिन ९ आणि १० वर नेमके २० किलोहर्ट्झ मिळतात आणि ड्युटीच्या ४०० पायऱ्याही मिळतात. तिसऱ्या मोटरसाठी टायमर-२ फास्ट पीडब्ल्यूएममध्ये, प्रिस्केलर ८ आणि कमाल किंमत ९९ ठेवून पिन ३ वर २० किलोहर्ट्झच मिळतील, पायऱ्या मात्र १०० मिळतील, त्या पालखीला द्याव्यात. बीटीएस७९६० ची मर्यादा २५ किलोहर्ट्झ आहे, तेव्हा याहून वर जाऊ नये. टायमर-० ला हात लावू नये, मिलिस आणि डिले ही दोन्ही फंक्शने त्याच्यावर चालतात. सर्व्होची लायब्ररी जोडली असेल तर ती काढावी, कारण ती टायमर-१ ताब्यात घेते.

मॉस्फेट ठेवूनच २० किलोहर्ट्झ करायचे म्हणणाऱ्यांनी गेट ड्रायव्हर (गेटला जास्त प्रवाह देणारी चिप) घ्यावा. आयआरएलझेड४४एनच्या गेटला ४८ नॅनोकूलोंबपर्यंत विद्युतभार लागतो, तो २० मिलिअँपिअरच्या पिनने भरायला दोन मायक्रोसेकंदांहून अधिक वेळ जातो आणि ५० मायक्रोसेकंदांच्या आवर्तनात दोन्ही कडांना मिळून एक-दोन वॅट फुकट जळतात. टीसी४४२७ सारखा छोटा ड्रायव्हर हे काम करतो.

---

डोंबिवली_फास्ट

पंख्याच्या मोटरचे उत्तर कोणी दिले नाही म्हणून लिहितो. वरचे सर्किट तिला अजिबात चालणार नाही.

सिलिंग फॅनची जुनी मोटर ही कपॅसिटर लावलेली सिंगल-फेज इंडक्शन मोटर असते. इंडक्शन मोटरचा मूळ वेग ठरवते ती पुरवठ्याची वारंवारता. १२० गुणिले वारंवारता, भागिले ध्रुवांची संख्या, हे ते सूत्र. उदाहरणार्थ, चार ध्रुवांच्या मोटरला ५० हर्ट्झवर १५०० हा समकालिक वेग मिळतो आणि प्रत्यक्षात ती १४४० च्या आसपास फिरते. व्होल्टेज कमी केल्यावर पंखा मंदावतो तो केवळ घसरण, म्हणजे स्लिप, वाढल्यामुळे. पात्यांचा भार वेगाबरोबर झपाट्याने कमी होतो म्हणून पंख्याला ते मानवते. प्रकाशचक्राला पाती नसल्यामुळे तिथे वेग रेग्युलेटरच्या एखाद्या टप्प्यावर अचानक पडलेला दिसेल.

मायक्रोकंट्रोलरने हे करायचेच झाले तर ट्रायॅकने (एसीसाठीच्या इलेक्ट्रॉनिक स्विचने) फेज-कोन नियंत्रण करतात. एसीचा प्रत्येक शून्यबिंदू ओळखायचा, तो सेकंदाला १०० वेळा येतो, आणि त्यानंतर शून्य ते १० मिलिसेकंदांतील हवा तेवढा वेळ थांबून ट्रायॅकला ठिणगी द्यायची. त्यासाठी एमओसी३०२१ हा ऑप्टो (प्रकाशाने संकेत देऊन दोन सर्किटे अलग ठेवणारा भाग) लागतो. दुकानात त्याच्याशेजारी ठेवलेला एमओसी३०४१ चालत नाही, कारण तो स्वतःच शून्यबिंदूची वाट पाहतो. मोटरसारख्या भाराला ट्रायॅकवर ३९ ओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा स्नबरही (व्होल्टेजचे झटके शोषणारी जोडणी) हवा. परंतु पावसाळ्यातील मंडप, ओली जमीन, लोखंडी फ्रेम आणि व्हेरोबोर्डवर उघडे २३० व्होल्ट हे एकत्र येऊ देऊ नका, अशी माझी विनंती आहे. चक्र सावकाशच फिरवायचे असेल तर डिस्प्लेसाठी मिळणारी गिअरची सिंक्रोनस मोटर आणा, मायक्रोवेव्हच्या काचेच्या ताटाखाली असते तशी. तिचा वेग वारंवारतेला बांधलेला असतो, भाराने हलत नाही आणि डिमरनेही बदलत नाही. मंडपाच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी.

इंडक्शन मोटरचा वेग खऱ्या अर्थाने बदलायचा तर वारंवारताच बदलावी लागते आणि त्याचे सर्वांत मोठे प्रात्यक्षिक आपण रोज बघतो. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. त्या काळातील आणि नंतरच्याही अनेक वर्षांच्या गाड्यांत डीसी मोटरी आधी एकसर आणि मग समांतर जोडत, मधल्या टप्प्यांत रोध घालत वेग वाढवला जाई आणि बरीचशी वीज त्या रोधांत तापून जाई. २००७ पासून आलेल्या गाड्यांत थ्री-फेज इंडक्शन मोटरी आहेत. त्यांना इन्व्हर्टर व्होल्टेज आणि वारंवारता दोन्ही हवी तशी कापून देतो आणि ब्रेक लावताना वीज उलटी तारेत परत पाठवतो. गाडी फलाटावरून सुटताना खालून चढत जाणारा जो सूर ऐकू येतो, तो या कापाकापीचाच आहे. मुलुंड_एम्बेडेड ताई जो आवाज २० किलोहर्ट्झवर नेऊन घालवायला सांगत आहेत, तोच हा, फक्त शेकडो किलोवॅटच्या मापात.

---

गिरगाव_देखावा

सर्वांचे मनापासून आभार. मल्टिमीटरने तपासले, तिन्ही मोटरींचा काळा वायर अंगाला जोडलेला निघाला. बीटीएस७९६० ची दोन मॉड्यूल बसवली, आता फ्रेमवरही प्रत्येक मोटर आपल्या वेगाने चालते. पताकाधाऱ्याच्या पाठीमागे लोखंडी पट्ट्या बांधून तोल साधला आहे आणि चेनसाठी सायकलवाल्याकडे स्प्रॉकेट सांगितले आहेत. बॅक ईएमएफचे वाचन सीरियल मॉनिटरवर व्यवस्थित दिसते, पीआयचे गुणक लावणे चालू आहे.

दोन शंका उरल्या आहेत. देखाव्यासमोर लहान मुले कठड्यावरून हात घालतात. फीडबॅकमुळे मोटर अडली की प्रोग्राम तिला आणखी जोर देणार, मग हे आधीपेक्षा धोकादायक नाही का? आणि टाळ व पताका एकाच लयीत ठेवायचे असतील तर काय करावे, कारण दोन्ही मोटरींचा वेग सारखा ठेवूनही थोड्या वेळाने ते पुढेमागे होतात.

---

मुलुंड_एम्बेडेड

पहिली शंका अगदी रास्त आहे आणि तिचे उत्तर प्रोग्राममध्ये असायलाच हवे. ड्युटीला ४०० पर्यंत जाऊ देऊ नका. तोल साधल्यावर हात वर जाताना जेवढी ड्युटी लागते, त्याच्या थोडी वर कमाल मर्यादा बांधा. शिवाय वाचन लक्ष्याच्या पाव हिश्श्याखाली आहे आणि ड्युटी मर्यादेला टेकलेली आहे, असे अर्धा सेकंद दिसले तर ती मोटर पूर्ण बंद करावी आणि कार्यकर्त्याने बटन दाबल्याशिवाय पुन्हा सुरू करू नये. आपोआप पुन्हा प्रयत्न करणारा प्रोग्राम येथे नको. मोटर बंद झाल्यावर वर्म गिअर हाताला आहे तिथेच धरून ठेवतो, त्यामुळे अडकलेला हात सोडवण्यासाठी कनेक्टिंग रॉडची एक पिन हत्याराशिवाय निघेल अशी ठेवा.

प्रोग्रामच अडकला तर उपयोगी पडावा म्हणून वॉचडॉग टायमर (अडकलेला प्रोग्राम आपोआप रीसेट करणारा) चालू करा. एटीमेगा३२८पीवर तो १५ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत ठेवता येतो, तुम्हाला पाव सेकंद पुरे. रीसेट झाल्यावर मोटरी बटनाची वाट पाहतील असेच लिहावे. या सगळ्याच्या खाली प्रत्येक मोटरच्या धन वायरमध्ये गाडीत असतो तसा साडेसात अँपिअरचा ब्लेड फ्यूज हवा, कारण ड्रायव्हर चिप जळताना बहुधा शॉर्ट होऊन जळते आणि त्यानंतर प्रोग्रामचे कोणी ऐकत नाही.

लयीचे उत्तर तुमच्या मोटरीतच आहे. वायपर काचेच्या तळाशी येऊन थांबावा म्हणून वायपर मोटरच्या गिअरबॉक्समध्ये पार्क स्विच असतो आणि तो दर फेऱ्याला एकदा आपली स्थिती बदलतो. त्याची वायर शोधून काढा, १० किलोओहमच्या पुल-अपसह (५ व्होल्टला जोडलेल्या रोधासह) ऊनोच्या डिजिटल पिनला द्या. मात्र आधी मल्टिमीटरने पाहा, काही मोटरींत त्या वायरवर १२ व्होल्ट येतात, तिथे वरचाच विभाजक लावावा लागेल. टाळाच्या मोटरला प्रमुख माना. पताकेच्या मोटरची खूण तिच्यामागून आली तर पताकेचे लक्ष्य २५६ वरून दोन-तीन आकडे वर न्यावे, आधी आली तर तेवढेच खाली आणावे आणि ही दुरुस्ती फेऱ्यातून एकदाच करावी. पताकेला चेनने १ : ३ केले असल्यामुळे तिची खूण मोटरवर न घेता क्रँकवर घ्यावी लागेल. तिथे एक चुंबक आणि ए३१४४ हा हॉल (चुंबक ओळखणारा) सेन्सर लावलात तर धूळ-गुलालाची चिंता नाही.

---

परळ_फिटर

चुंबक क्रँकच्या लोखंडावर थेट चिकटवू नका, मध्ये लाकडाचा किंवा ॲक्रिलिकचा तुकडा ठेवा. आणि स्प्रॉकेटच्या बोल्टांना स्प्रिंग वॉशर लावा, हादऱ्याने ते पहिल्या दोन दिवसांतच सैल होतात.